वाहत्या पाण्याची वीज : चौकच्या खाडीमुखाचा हिशेब



वाहत्या पाण्यात ऊर्जा असते, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रश्न पुढचे आहेत. ती नेमकी किती असते? त्यातली किती काढता येते? आणि जी काढता येते, तिच्यापैकी तारेपर्यंत किती पोहोचते? टर्बाइनची कार्यक्षमता म्हणजे या तीन प्रश्नांची साखळी आहे. बहुतेक चर्चा मधल्या प्रश्नावर अडकते, म्हणजे पाती कशी असावीत यावर. पहिला आणि तिसरा प्रश्न मागे राहतो. पण फरक पडतो तो मुख्यतः तिथेच.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या पुढे, धारावीच्या डोंगराखाली चौक हे कोळी गाव आहे. समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला. उल्हास नदी ठाण्यापाशी साष्टी बेटाला येऊन भिडते. तिचा उत्तरेकडचा फाटा म्हणजे वसईची खाडी, आणि ती इथे समुद्राला मिळते. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत धारावीचा हा डोंगर मराठ्यांनाही हवा होता आणि पोर्तुगिजांनाही, कारण खाडीत शिरणारे गलबत याच्या नजरेतून सुटत नसे. तोफेला जे तोंड सोयीचे, ते पाण्याला अडचणीचे असते: मागच्या विस्तीर्ण खाडीत जायचे आणि यायचे सगळे पाणी याच वाटेने जाते. साधारण बारा तास पंचवीस मिनिटांत एक भरती आणि एक ओहोटी पुरी होते. म्हणजे दिवसातून चार वेळा पाण्याला ओढ लागते आणि चार वेळा ती सुटते.

या ओढीवर चालणारे साधन इथे फार पूर्वीपासून आहे. ते म्हणजे डोल. खुंटाला बांधलेले, तोंड प्रवाहासमोर धरणारे हे शंकूसारखे जाळे स्वतः हलत नाही. पाणी त्यातून जाते आणि बोंबील, जवळा मागे राहतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, डोल भरते; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, मासेमारी मंदावते. तोंडाशी जाळ्याची आस (भोक) मोठी असते आणि शेपटाकडे ती बारीक होत जाते. का? सगळीकडेच बारीक आस ठेवली तर जाळे पाण्याला इतके अडवेल, की पाणी तोंडातून आत न जाता बाजूने निघून जाईल. टर्बाइनच्या कार्यक्षमतेचा सर्वांत मोठा नियम हाच आहे, आणि तो कोळ्यांच्या जाळ्यात गणिताआधी विणला गेला.

आता गणित. प्रवाहाला आडव्या धरलेल्या एक चौरस मीटर जागेतून जाणारी शक्ती म्हणजे पाण्याची घनता, गुणिले वेगाचा घन, भागिले दोन. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १,०२५ किलो. हवेची सव्वा किलोच्या आत. म्हणून त्याच वेगाला पाणी हवेच्या आठशेहून अधिक पट शक्ती वाहते. पाण्याची टर्बाइने पवनचक्कीपेक्षा लहान असूनही चालतात ती यामुळे. पण खरी मेख वेगाच्या घनात आहे. सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात चौरस मीटरमागे सुमारे ५१० वॉट असतात. वेग दुप्पट, दोन मीटर झाला, की ४,१०० वॉट. तीन मीटर झाला, की १३,८०० वॉट.

हा घन चौकच्या पाण्याचे काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतले सरासरी अंतर सुमारे ३.६ मीटर, भांगाच्या वेळी सुमारे १.४ मीटर. प्रवाहाचा वेग ढोबळमानाने या अंतराच्या प्रमाणात धरला (खाडीचा आकार त्यात ढवळाढवळ करतोच), तर उधाणाचा वेग भांगाच्या अडीच पटींहून थोडा अधिक होतो. अडीच पट ऐकायला फार वाटत नाही. अडीचहून थोड्या अधिक असलेल्या त्या पटीचा घन मात्र सतरा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जे टर्बाइन सतरा दिवे लावते, तेच अष्टमीच्या आसपास एक दिवा लावते.

एक नमुना हिशेब मांडू. उधाणाच्या ऐन ओढीला वेग सेकंदाला १.५ मीटर आहे असे धरू. हा आकडा मोजणीचा नव्हे, उदाहरणाचा. टर्बाइनचे पाच मीटर व्यासाचे चक्र, म्हणजे साडेएकोणीस चौरस मीटर क्षेत्र. त्यातून जाणारी शक्ती सुमारे ३४ किलोवॉट. त्यातली ३५ टक्के वीज झाली तर बारा किलोवॉट. पण ऐन ओढ थोडाच वेळ असते. प्रवाह शून्यापासून वाढून पुन्हा शून्यावर येतो, आणि घनाच्या नियमामुळे एका भरतीची सरासरी शिखराच्या सुमारे ४२ टक्के पडते. म्हणजे उधाणाच्या दिवशी सरासरी पाच किलोवॉट, भांगाच्या दिवशी (चक्र फिरलेच तर) तीनशे वॉट, आणि पंधरवड्याचा मेळ घातला तर दोन किलोवॉटच्या थोडे वर. दिवसाला पन्नासेक युनिट. बंदरावरचे दिवे, काही शीतपेट्या, एखादा लहान पंप यांना एवढे पुरेल. शहराला पुरणार नाही. तसा दावा जो करील त्याच्याकडून आधी वेगाची नोंदवही मागावी.

आता समजा, पुष्कळ संशोधन करून पाती सुधारली आणि ३५ टक्क्यांचे ४० टक्के केले. दिवसाला सातेक युनिट वाढतील. आणि तेच जुने टर्बाइन उचलून वेग २० टक्क्यांनी जास्त असलेल्या जागी नेले तर? १.५ ऐवजी १.८ मीटर. घनाच्या नियमाने वीज ७३ टक्क्यांनी वाढते. पात्यांच्या संशोधकाला हे ऐकायला आवडत नाही, पण जागेची निवड ही कार्यक्षमतेतली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. वसईच्या खाडीत पाणजू बेटापाशी पाणी दोन फाट्यांत विभागते, पुलांच्या खांबांमधून जाते, वळणावर एका काठाला लागते. शंभर मीटरच्या अंतरात वेग बदलतो, एकाच जागी तळाशी आणि वरच्या थरात बदलतो. तळाजवळचे पाणी घर्षणाने रेंगाळते, म्हणून चक्र जितके वर तितके बरे. मात्र वर लाटा असतात आणि होड्याही असतात.

पात्यांकडे वळण्याआधी एक मर्यादा समजून घ्यायला हवी. डोलच्या आसेचा नियम गणितात मांडण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाले. इंग्लंडमध्ये लँचेस्टर, जर्मनीत बेट्झ, रशियात झुकोव्हस्की. तिघेही एकाच उत्तराशी पोहोचले आणि नाव मुख्यतः बेट्झचे राहिले. उत्तर असे: मोकळ्या प्रवाहातल्या चक्राला प्रवाहाच्या शक्तीपैकी जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के घेता येते. पाण्याची सगळी शक्ती काढायची तर पाणी चक्रामागे थांबले पाहिजे. थांबलेले पाणी मागून येणाऱ्याला वाट देत नाही, आणि मागचे बगल देऊन जाते. काहीच अडवले नाही तर काहीच मिळत नाही. दोन्ही टोकांच्या मधला उत्तम बिंदू येतो तो चक्रापाशी वेग मूळच्या दोन-तृतीयांश आणि मागे दूरवर एक-तृतीयांश उरतो तेव्हा. त्या अवस्थेत जे पाणी चक्रातून जाते त्याची आठ-नवमांश ऊर्जा निघते, पण जाते मुळात दोन-तृतीयांशच पाणी. दोन्हींचा गुणाकार १६/२७.

मग खोपोलीला नव्वद टक्के कसे मिळतात? टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू आहे, आणि अशा केंद्रांतल्या टर्बाइनची कार्यक्षमता नव्वदच्या घरात असते. तिथे पाणी लोणावळ्याच्या तलावांतून नळात बंद होऊन घाट उतरते. नळातल्या पाण्याला बगल द्यायला जागा नसते. बेट्झची मर्यादा मोकळ्या पाण्याची आहे. बांधलेल्या पाण्याला ती लागू नाही. दोन्हींची टक्केवारी शेजारी मांडून प्रवाहाचे टर्बाइन कमअस्सल ठरवणे हा चुकीचा न्याय आहे. धरण, बोगदा, बुडीत क्षेत्र, यांचा खर्च त्या नव्वद टक्क्यांत धरलेला नसतो.

प्रत्यक्षात चांगले आडव्या आसाचे चक्र ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत जाते. उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड लॉक या अरुंद तोंडाच्या खाडीत २००८ साली बसवलेल्या १.२ मेगावॉटच्या यंत्राने, १६ मीटर व्यासाच्या दोन चक्रांनी, याहून थोडी वरची पातळी गाठली. पण ही टक्केवारी चक्राची. त्यापुढे गिअरबॉक्स, जनित्र, विद्युत-परिवर्तक. चक्राचे ४२ टक्के, गिअरबॉक्सचे ९५, जनित्राचे ९३, परिवर्तकाचे ९६ असे धरले, तर गुणाकार ३५ ते ३६ टक्के येतो. संथ फिरणाऱ्या चक्राला वेगवान जनित्र जोडायचे तर गिअरबॉक्स लागतो. तो तेल मागतो, झिजतो, आणि पाण्याखाली झिजतो. म्हणून अलीकडे मोठ्या व्यासाची, कायम चुंबकांची, थेट जोडलेली जनित्रे पसंत केली जातात. ती जड आणि महाग असतात, पण मधला एक गुणक गळतो आणि बिघाडाचे एक कारणही. शिवाय प्रवाहाचा वेग दर मिनिटाला बदलत असताना चक्राचा वेगही त्या प्रमाणात बदलत ठेवावा लागतो, नाहीतर पाते प्रवाहाला चुकीच्या कोनात भेटते. हे काम आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतात. सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरमध्ये जी युक्ती असते तिचीच ही भावंडे.

पात्यांच्या बाबतीत पाणी हवेपेक्षा कठोर आहे. पात्याच्या टोकाचा वेग फार वाढला, की त्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की थंड पाणीही उकळते, बुडबुडे होतात, फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. चक्राच्या वरच्या फेऱ्यात, जिथे पाण्याचा दाब आधीच कमी असतो, हा धोका अधिक. म्हणून पाण्यातले चक्र पवनचक्कीहून सावकाश फिरते आणि त्याचे पाते आखूड, जाड, रुंद असते. बळही तसेच सोसावे लागते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात, जिथे जगातली सर्वांत मोठी भरती येते, २००९ साली दहा मीटर व्यासाचे एक टर्बाइन तळावर बसवले. काही आठवड्यांत त्याची पाती तुटली. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्येही सुरुवातीच्या चक्रांची पाती प्रवाहाने मोडली आणि ती पुन्हा, अधिक मजबूत करून घडवावी लागली. मोडलेल्या पात्याची कार्यक्षमता शून्य असते, आणि वार्षिक हिशेबात हे शून्य पात्याच्या वळणातल्या सुधारणेपेक्षा पुष्कळ मोठे भरते.

भरती-ओहोटीची आणखी एक अट आहे: प्रवाह उलटतो. यावर उपाय तीन. पाती मुळापासून अर्धा फेरा वळवायची; स्ट्रँगफर्डला तसे होते. सबंध यंत्र वळवायचे. किंवा पात्याचा छेदच असा ठेवायचा की पाणी कुठूनही आले तरी चालेल. तिसरा उपाय भारतात लाटांच्या ऊर्जेसाठी वापरला गेला: केरळमध्ये विळिंजमला १९९१ साली उभारलेल्या १५० किलोवॉटच्या केंद्रात वेल्स टर्बाइन होते. लाटेने ढकललेली हवा आत जावो की बाहेर येवो, ते एकाच दिशेने फिरते. पण या सोयीची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते.

उभ्या आसाच्या यंत्रांना दिशेचे बंधनच नसते. डॅरियस या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३१ चे. तिच्या सरळ पात्यांना गोर्लोव्ह यांनी १९९० च्या दशकात मळसूत्री पीळ दिला, त्यामुळे फिरण्यातला हिसका बराच कमी झाला. दक्षिण कोरियातल्या उल्डोलमोक सामुद्रधुनीत २००९ साली याच जातीच्या टर्बाइनांचे एक मेगावॉटचे प्रायोगिक केंद्र झाले. कार्यक्षमतेच्या तक्त्यात ही यंत्रे आडव्या आसाच्या चक्रापेक्षा मागे असतात. तरीही उथळ खाडीसाठी त्यांचा विचार आधी करायला हवा. पाच मीटर व्यासाच्या गोल चक्राला पाच मीटर पाणी लागतेच, वर मोकळी जागा, खाली मोकळी जागा. तेवढेच क्षेत्र अडीच मीटर व्यासाच्या आणि आठ मीटर लांबीच्या, आडव्या निजवलेल्या मळसूत्री रुळालाही मिळते, आणि त्याला निम्मी खोली पुरते. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॉबस्कुक उपसागरात २०१२ साली अशाच धाटणीचे यंत्र वीजजाळ्याला जोडले गेले. जिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे टक्केवारीत मागे आणि खोलीत पुढे असलेले यंत्र जिंकते.

चक्राभोवती नळकांडे किंवा मागे पसरत जाणारा कर्णा बसवला तर? पाणी खेचले जाते, चक्रापाशी वेग वाढतो, आणि बेट्झची मर्यादा ओलांडल्याच्या जाहिराती येतात. ओलांडली का? भागाकार कशाने केला ते पाहावे. चक्र दहा चौरस मीटरचे आणि कर्ण्याचे तोंड वीस चौरस मीटरचे असेल, तर चक्राच्या हिशेबाने ७० टक्के ठरणारी वीज तोंडाच्या हिशेबाने ३५ टक्के होते. निसर्गाने काही सवलत दिलेली नसते. क्षेत्र गुपचूप दुप्पट घेतलेले असते. कर्णा निरुपयोगी आहे असे नव्हे: तो चक्र लहान ठेवतो, वेगवान फिरवतो आणि संथ पाण्यात सुरुवात सोपी करतो. पण तेवढ्याच सामानात मोठे चक्र आले असते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

मर्यादा खरोखर हलते ती वेगळ्या कारणाने. बेट्झचे गणित अथांग पाण्याचे आहे, खाडीला काठ असतात. ख्रिस गॅरेट आणि पॅट्रिक कमिन्स या कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००७ साली दाखवले की प्रवाहाच्या छेदाचा काही भाग चक्रांनी व्यापला असेल, तर बगल द्यायला जागा कमी उरते आणि मर्यादा त्या प्रमाणात चढते. छेदाचा दहावा हिस्सा व्यापला तर ५९ चे ७३ टक्के. पाचवा हिस्सा व्यापला तर ९२ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे एकेकट्या चक्रांपेक्षा प्रवाहाला आडवी, शेजारीशेजारी उभी केलेली रांग प्रत्येक चक्राला अधिक देते. एकामागे एक लावलेल्या चक्रांचे उलट होते: पुढच्याच्या मागे पाणी मंदावलेले आणि घुसळलेले असते, म्हणून मागची रांग दूर आणि पुढच्या चक्रांची ओळ चुकवून लावावी लागते.

इथे थांबता आले असते तर बरे झाले असते. पण त्याच दोघांचे आधीचे, २००५ चे गणित असे, की खाडीला जितके अडवाल तितका सबंध खाडीचा प्रवाह मंदावतो. सुरुवातीला प्रत्येक नवे चक्र वीज वाढवते. एका बिंदूनंतर प्रत्येक नवे चक्र ती कमी करते. त्या बिंदूपाशी प्रवाह मूळच्या सुमारे ५८ ते ७१ टक्क्यांवर आलेला असतो. शिवाय मागचे संथ पाणी आणि बाजूचे वेगवान पाणी पुन्हा मिसळताना जी ऊर्जा जाते, ती खाडीच्या खात्यातून वजा होते आणि कोणालाच मिळत नाही. वसईच्या खाडीचा प्रवाह तीस-चाळीस टक्क्यांनी घटवला तर काय होईल? गाळ बसेल. तिवरांच्या मुळांशी, मिठागरांच्या कालव्यांत भरतीचे पाणी पोहोचण्याची वेळ आणि उंची बदलेल. डोल ज्या ओढीवर चालते तीच ढिली पडेल. तेव्हा गणिताने जी कमाल मर्यादा दिली, तिच्या कितीतरी अलीकडे खाडीची मर्यादा येते, आणि कार्यक्षमतेच्या आकड्यात ती कुठेच दिसत नाही.

संथ पाण्याचे काय? सेकंदाला एक मीटरच्या आत बहुतेक चक्रे फिरत नाहीत किंवा नावापुरती फिरतात. मिशिगन विद्यापीठात मायकेल बर्निट्सास यांनी २००८ च्या सुमारास वेगळीच वाट धरली: प्रवाहात आडवी दांडी ठेवली की तिच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती वर-खाली हेलकावते, त्या हेलकाव्यातून वीज. पूल आणि नळ मोडणाऱ्या कंपनाला कामाला लावण्याची ही कल्पना संथ नद्यांसाठी मुद्दाम घडवलेली आहे. तरी घनाचा नियम तिलाही सुटलेला नाही. भांगाच्या दिवसांत यंत्र फिरते ठेवण्यासाठी केलेली धडपड एकूण युनिटांत फारशी भर घालत नाही, कारण त्या दिवसांत पाण्यातच काही नसते. तिचा उपयोग सातत्यासाठी: बॅटरी लहान ठेवता येते, दिवा विझत नाही. युनिटे वाढवायची की अंधार टाळायचा, हे ठरल्याशिवाय कोणते चक्र उत्तम याला उत्तर नाही.

मग तिसरा प्रश्न, तारेपर्यंत किती पोहोचते. समुद्रात ठेवलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर काही आठवड्यांत शेवाळ, मग शिंपल्यांचा थर चढतो. होडी ओढून तळ खरवडता येतो. पात्यावरचा खडबडीतपणा मात्र रोज थोडी वीज खात राहतो. वसईच्या खाडीचे पाणी गढूळ आहे. त्यातली वाळू पात्याची धार आणि बेअरिंगचे सील घासते. आणि प्लास्टिक: डोल झाडताना मासळीबरोबर जे निघते, तेच पात्यांना गुंडाळले जाणार. पुढे जाळी लावावी तर ती पाण्याला अडवते आणि स्वतः तुंबते. म्हणून इथल्या यंत्राचे पाते थोडे कमी कार्यक्षम पण मागे झुकलेले, कचरा घसरून जाईल असे असणे, आणि सबंध यंत्र तराफ्यावरून वर उचलता येणे, यांना प्रयोगशाळेतल्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त मोल आहे. ऑर्कनी बेटांजवळ २०२१ पासून चालणारे दोन मेगावॉटचे तरंगते टर्बाइन याच विचाराने घडवलेले आहे. त्याचे हात पृष्ठभागावर वर येतात आणि दुरुस्ती होडीतून होते.

भारताच्या किनाऱ्यावर भरतीच्या ऊर्जेची एकूण क्षमता १२,४५५ मेगावॉट असल्याचा अंदाज २०१४ साली मांडला गेला. त्यातला मोठा वाटा खंभात आणि कच्छच्या आखातांचा. तिथेही प्रत्यक्ष प्रकल्प उभा राहिलेला नाही. सुंदरबनातला दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॉटचा बेत खर्चापायी सोडून द्यावा लागला. कोकण आणि मुंबईच्या खाड्या मध्यम प्रवाहाच्या, म्हणून त्यांना मोठे केंद्र नव्हे, बंदरापुरते यंत्र शोभते. त्याआधी मोजणी. १९१६ साली स्थापन झालेले, आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पाण्याच्या प्रतिकृतींवर काम करत आले आहे. खाडीच्या तोंडाचा वेग किमान एका चांद्रमासभर, खोलीच्या प्रत्येक थरात, दर काही मिनिटांनी नोंदवणे हे अशा संस्थांच्या हातचे काम आहे. पंधरा दिवसांची नोंद पुरत नाही, कारण लागोपाठची दोन उधाणे सारखी नसतात.

पावसाळ्याची नोंद वेगळी ठेवावी लागेल. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात, त्या दोन महिन्यांत उल्हासचे पुराचे पाणी ओहोटीत मिसळते. ओहोटीची ओढ वाढते, भरतीची घटते, आणि दोन्हींबरोबर ओंडके, गाळ, कचरा येतो. घनाच्या नियमाने ही वाढलेली ओहोटी मोहात पाडणारी आहे. तरी पहिली काही वर्षे टर्बाइनही होड्यांबरोबर वर काढावे, पाती खरवडावीत, सील बदलावेत, आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाल्यावर पुन्हा पाण्यात सोडावे. वर्षाच्या युनिटांत त्यामुळे जी घट येईल, ती एका तुटलेल्या पात्याच्या किमतीशी ताडून पाहता येईल.